दाटीचा उजेड

बोटाला दोन गाठी लागल्या.

कोल्ड रूममधल्या खालच्या फळीवरून अर्धवट भरलेली बाटली उचलताना तिचा अंगठा सवयीने गळ्याभोवतीच्या दोऱ्यावर फिरला आणि थबकला. एक गाठ, आणि तिला अगदी चिकटून दुसरी. गारठ्याने बोटं बधिर झाली असतील म्हणून तिने बाटली दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा चाचपलं. दोनच. दोरा पांढरा होता. पांढरा म्हणजे ताजा. सत्तावीस वर्षांत या फळ्यांवरचा पांढरा दोरा कधी खोटं बोलला नव्हता. मग या दोन गाठी कशाच्या, हे आठवायला तिला फार वेळ लागला नाही. आठवलं, आणि इतका वेळ कानाला जाणवतही नसलेला पंखा एकदम मोठ्याने घोंघावायला लागला. तिने बाटली छातीशी धरली, स्वेटरमधून गारवा आत शिरला. सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते हे, की आत्ता आपल्याला बोलता येणार नाही. तेवढ्यानेच सुटका झाल्यासारखा एक मोठा श्वास बाहेर पडला, आणि त्या श्वासाची तिला लगेच लाज वाटली.

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचं मौन पहिल्या भांड्याची वाफ उतरेपर्यंत असे. संस्थेत सगळ्यांना ते पाठ होतं. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत कोणी सकाळी आलंच तर चिठ्ठी ठेवून जाई किंवा खुणेनं विचारी. वरच्या मजल्यांवर जंतूंवर संशोधन चाले आणि त्या जंतूंना खायला घालायचं काम तिचं. पावडरी मोजायच्या, पाण्यात विरघळवायच्या, बाटल्या भरायच्या, मोठ्या प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर ठेवून त्यातला कणभरही जीव जिवंत राहू द्यायचा नाही. हे फिकट चहाच्या रंगाचं पाणी, ज्याला तिथे सगळे ब्रॉथ म्हणत, तिच्या हातचं असलं की वरची मंडळी निर्धास्त असत. वजनाच्या काट्यापाशी ती अशी काही उभी राहायची की तिला सगळे काटामावशीच म्हणत. बाहेरगावचा एक पाहुणा एकदा म्हणाला होता, आमच्याकडे जंतू वाढत नाहीत आणि तुमच्याकडे वाढतात, पाण्यात फरक आहे का? वरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले होते, पाण्यात नाही, मावशीत आहे. हे तिने दाराआडून ऐकलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली, तरी पायऱ्या चढताना गुडघा दुखला की ते वाक्य ती औषधासारखं आठवून घ्यायची. तिला गर्व होता. बोलण्यात तिने तो कधी येऊ दिला नाही, पण होता. रोज संध्याकाळी देवापुढे बसली की बाकीचं सगळं ती तिथे ठेवून उठायची. हा एवढा मात्र तिच्या मागोमाग परत यायचा.

मौन धरलं त्याला एकोणीस वर्षं झाली. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. कान दुखतो म्हणत होती, पण खेळतही होती, वरणभात जेवतही होती. चार दिवस घरात कुठे काही बिघडलंय असं वाटलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी पोर भिंतीकडे तोंड करून निजली ती हाकेला ओ देईना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अचानक उलटलं. तो शब्द तिला तेव्हाही पटला नव्हता. अचानक म्हणजे काय? दूध उतू जातं तेव्हा बघणाऱ्याला ते अचानक वाटतं. ज्याने खाली विस्तव लावलाय त्याला विचारा. पोर वाचली, डावा कान गेला. लेकरू डोळे उघडेपर्यंत खुर्चीवर बसून तिने देवाला सांगितलं होतं की मी दिवसाचा पहिला वेळ तुला देईन, त्यात माझा शब्द नसेल. देवाने आपला भाग पाळला, तिनेही पाळला. पण ते ‘अचानक’ तिच्या मनात कुसळासारखं अडकून राहिलं, आणि ते निघालं थेट गेल्या वर्षी, तेही एका अशा मुलीमुळे, जी आली त्या दिवशी तिच्या दोन काचेच्या नळ्या फोडून बसली होती.

त्या मुलीला सगळे घाई म्हणत. घाई आली का, घाई जेवली का, घाईला सांगा दार हळू लाव. अंगाने काडीसारखी, बोलताना अर्धं वाक्य हाताने पुरं करायची. तिचं संशोधन समुद्रातल्या जंतूंवर होतं, जे एका माशाच्या पोटाखालच्या पिशवीत राहतात आणि उजळतात. “उजळतात म्हणजे?” असं विचारल्यावर घाई तिला हाताला धरून डार्क रूममध्ये घेऊन गेली होती. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि फ्लास्कच्या तळाशी निळसर काहीतरी तरंगायला लागलं, आणि बघता बघता अख्खं भांडं आतून उजळलेलं होतं. “आता गंमत ऐका,” घाई म्हणाली होती. “हेच जंतू थोडे असले तर ढिम्म. अंधार. एकसुद्धा उजळत नाही. प्रत्येक जण नुसतं थोडं थोडं रसायन बाहेर सोडत राहतो. थोडे असतात तोवर ते पाण्यात विरून जातं. दाटी झाली की साचतं. आणि एका मर्यादेपलीकडे साचलं की सगळ्यांना एकदम कळतं, आपण पुष्कळ आहोत. मग उजेड.” यावर काटामावशी म्हणाली होती, “खोलीत एक जण निजला तर खिडकीची काच कोरडी राहते. आठ जण निजले की पहाटे काचेवरून पाणी ओघळतं. आम्ही आठ जण निजायचो. काच बघून कळायचं, सगळे घरात आहेत की कोणी गावाला गेलंय.” घाई अंधारात गप्पच झाली. घाई गप्प झाली ही त्या मजल्यावरची मोठी बातमी होती. पुढे महिन्याभराने सत्तर-ऐंशी माणसांपुढे तिचं भाषण होतं, आणि मागच्या रांगेत बसलेल्या काटामावशीने आपली काच, आपल्या लहानपणाच्या खोलीतली ती ओघळणारी काच, पडद्यावर मोठी झालेली पाहिली. घाईने चित्रच काढून आणलं होतं. आठ डोकी, एक खिडकी.

रोग करणारे जंतूही असंच करतात, हेही घाईनेच सांगितलं. थोडे असताना अंगात गुपचूप बसतात, विष सोडत नाहीत, म्हणजे शरीराला पत्ता लागत नाही. पुरेसे झालो हे कळलं की एका वेळी उठतात. काटामावशी त्या दिवशी बसथांब्यावर न थांबता दोन थांबे पुढे चालत गेली होती. चार दिवस पोर खेळत होती, आणि कानाच्या आत ते मोजत होते. पोर वरणभात खात होती आणि ते मोजत होते. अचानक काही झालं नव्हतं. कोणाला सांगून उपयोग नव्हता, पण तिला विलक्षण हलकं वाटलं, आणि तिच्या चालण्यात एक ताठा आला. ज्याने आपल्या घरावर घाला घातला त्याचं गुपित आता माणसांच्या हाती लागत होतं, आणि ज्या भांड्यात ते लागत होतं त्यातलं पाणी तिने मोजलेलं होतं.

बाटली अजून छातीशी होती. ती कोल्ड रूममधून बाहेर आली, दार लोटलं, बाटली टेबलावर उजेडात ठेवली. दिसायला ताज्या ब्रॉथसारखीच. ती होती वापरलेल्या ब्रॉथची. ज्यात एकदा जंतू दाटीने वाढून गेलेत, मग बारीक फिल्टरमधून गाळून ते सगळे काढून टाकलेत, असं पाणी. जीव एकही नाही, पण त्यांनी सोडलेलं ते रसायन सगळं आत शिल्लक. सरांना कसल्याशा कामासाठी हवं होतं म्हणून तिने महिन्यापूर्वी गाळून ठेवलं होतं. वाफेत लेबलांची शाई उतरते म्हणून तिची दोऱ्याची पद्धत होती: ताज्याला पांढरा, वापरलेल्याला निळा. त्या दिवशी निळा संपला. भांडारातल्या माणसाला संस्थेत ‘नाहीबुवा’ म्हणत, कारण काहीही मागितलं तरी तो मान वर न करता तेवढंच म्हणे. “निळा दोरा? नाही बुवा. पुढच्या महिन्यात बघू.” ती म्हणाली होती, “पुढच्या महिन्यापर्यंत जंतू थांबतील का, विचारते त्यांना.” “विचारा की,” तो म्हणाला. “आमचं कोणी ऐकत नाही, तुमचं ते ऐकतील.” हसत हसत ती खाली आली आणि पांढऱ्या दोऱ्यालाच दोन गाठी मारून तिने बाटली ठेवून दिली. दोन गाठी म्हणजे निळा. मनात नोंद केली, कागदावर केली नाही. कागदाची तिला गरज कधी पडली नव्हती.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वीचा तो मंगळवार. घाईला आठ बाटल्या ब्रॉथ हवा होता, सगळा एकाच वेळी केलेला. वाफ उतरायला अजून वीस मिनिटं होती. घाई दारात उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. “मावशी, झालं का? अहो बोलू नका, नुसती मान हलवा. झालं ना? होतच आलंय ना?” मान आडवी हलवता आली असती. तिने ती हलवली नाही. घाईच्या डोळ्यांत इतकी लकाकी होती की तिचा हात आपोआप वाफेच्या झडपेकडे गेला आणि तिने वाफ जरा जास्तच वेगाने सोडून दिली. ऑटोक्लेव्ह उघडून पाहते तर शेवटच्या दोन बाटल्या उतू गेलेल्या, पावपाव रिकाम्या. घाई तोवर फोन वाजला म्हणून जिन्याकडे गेली होती. सत्तावीस वर्षांत बाटली उतू गेली नव्हती. ती कोल्ड रूममध्ये गेली, फळीवर मागे पांढऱ्या दोऱ्याची एक भरलेली बाटली होती, गेल्या आठवड्यातला उरलेला ताजा ब्रॉथ असणार. हवेतले जंतू शिरू नयेत म्हणून ज्योतीजवळ धरून, एकही थेंब बाहेर न सांडता, तिने दोन्ही बाटल्या आठांच्या रांगेत सारख्या केल्या. हात स्थिर होते. अंगठा त्या वेळी दोऱ्यावरून फिरला नव्हता, कारण अंगठ्याला घाई झाली होती. वहीत तिने लिहिलं: आठ बाटल्या, ठीक.

त्या आठांतल्या पहिल्या सहा घाईने साध्या जंतूंना दिल्या. शेवटच्या दोन नव्या जंतूंना, जे तिने दोन वर्षं खपून तयार केले होते, ज्यांच्याकडून तिची अपेक्षा होती की ते वाट पाहणार नाहीत. आणि ते उजळले. अगदी थोडे असताना, एरवी अंधार असायचा तेव्हाच, उजळले. त्याच बाटल्यांतून तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा. डार्क रूममधून घाई ओरडत बाहेर आली तेव्हा जिन्यात सगळी माणसं जमली होती. मोजायला न थांबणारे, एकट्यानेच उजळणारे जंतू. सर कधी हसत नाहीत ते हसले. घाईने सगळ्यांदेखत येऊन काटामावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “तुमच्या हातचं खाऊन उजळले हो.” त्या रात्री जेवताना तिने मुलीला सांगितलं की घाईचा शोधनिबंध छापायला जाणार आहे आणि शेवटी आभारांत आपलं नाव असणार आहे, आडनावासकट. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. चेष्टा करायची असली की उजवा कान पुढे करते. “आडनावासकट? मग आता दुकानात तुला रांगेत उभं राहायला लागणार नाही. मालक म्हणतील, बसा, कोणता नंबर देऊ?” दोघी खूप हसल्या. हसता हसता मुलगी एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, “आई, मी चार जणींना सांगणार बरं का.” सांगितलंही. मालकाने तिच्याकडे निरोप पाठवला होता, आईंचं अभिनंदन.

आज बारा वाजता निबंध पाठवायचा होता.

तिने आजच्या पहिल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या, झाकण आवळलं, दाबाचा काटा हळूहळू वर चढताना पाहत उभी राहिली. मन मात्र काट्यासारखं एका जागी ठरेना. कदाचित ती बाटली हीच नसेल. पण ही अर्धी होती, आणि भरताना तिने काठोकाठ भरली होती, आणि या फळीला तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही. कदाचित असेल हीच, पण नवे जंतू खरोखरच एकट्याने उजळणारे असतील. असतीलही. मग सांगून काय मिळवायचं? पोरीची दोन वर्षं. कदाचित कोणाला कधीच कळणार नाही. हे मात्र खोटं होतं आणि तिलाच ते कळत होतं. निबंध वाचून जगात कुठेतरी कोणीतरी हेच करून बघणार, त्याचे जंतू अंधारात ढिम्म बसणार, आणि मग बोट कोणाकडे वळणार? घाईकडे. पाण्याकडे कोणी बघत नसतं. पाणी चांगलं असलं तर मावशीचं, आणि वाईट निघालं तर पोरीचं. या विचाराशी ती अडखळली. इतकी वर्षं आपण जो मान अंगावर मिरवला तो असा एकाच बाजूने वाहणारा होता का? वाफेचा आवाज वाढला. खोलीत तव्यावर डाळ भाजावी तसा पावडरींचा वास भरला, जो तिला नेहमी घराच्या वासासारखा वाटे, आणि आज तसा वाटला नाही.

साडेदहाला वाफ उतरली. तिने झाकण उघडलं. आता पहिला शब्द देवाच्या नावाचा असे, तो तिने उच्चारला, नेहमीसारखाच हळू. मौन संपलं. आता बोलायला हरकत नव्हती. ती बाटल्या काढत राहिली. दोरे बांधले. टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. अकरा वाजले. अकरा वाजून दहा मिनिटं. आणि तेव्हा तिला ते लख्ख कळलं, की साडेदहापर्यंतचं गप्प राहणं देवाचं होतं आणि साडेदहानंतरचं हे तिचं स्वतःचं आहे. दिसायला दोन्ही सारखंच, त्या दोन बाटल्यांसारखं. बाहेरून बघणाऱ्याला कोणतं ताजं आणि कोणतं वापरलेलं ते सांगता आलं नसतं. तिला येत होतं. एकोणीस वर्षांच्या व्रतात तिने भीती मिसळली होती, पुरत्या चाळीस मिनिटांची, आणि हे तिच्या गर्वाला सहन होईना. हो, गर्वालाच. लाजेने तिला टेबलापाशी खिळवून ठेवलं होतं. उठवलं ते गर्वाने. काटामावशीच्या खोलीतून चुकीचं पाणी वर जातं, आणि ते चुकीचं आहे हे काटामावशीला ठाऊक असताना जातं, हे व्हायचं नाही. तिने अर्धी बाटली उचलली आणि जिना चढायला लागली. गुडघा दुखला. या खेपेला तिने सरांचं ते वाक्य आठवलं नाही.

सरांच्या खोलीत घाई आणि सर दोघं कॉम्प्युटरसमोर बसले होते. घाईने नवा कुर्ता घातला होता.

“या मावशी,” सर म्हणाले. “बरं झालं आलात. हे बघा, तुमचं नाव नीट लिहिलंय ना? एकदा गेलं की बदलता येत नाही.”

ती पुढे झाली. चष्मा लावला. पडद्यावर शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, आडनाव होतं. तिने ते अक्षर अक्षर करून वाचलं. घाई नव्हती ती. सावकाश, एकेका अक्षरावर डोळा ठेवत. इतकं स्वच्छ, इतकं काळं तिने ते कधी पाहिलं नव्हतं. पगाराच्या कागदावर असतं त्याहून वेगळं दिसत होतं.

“नाव बरोबर आहे,” ती म्हणाली. “पाठवू नका.”

घाई हसली. “का हो? आजचा दिवस चांगला नाही का?”

“दिवस चांगला आहे. ब्रॉथ चांगला नव्हता.” तिने बाटली टेबलावर ठेवली आणि सांगितलं. दोन गाठी, उतू गेलेल्या बाटल्या, वरून घातलेलं पाणी. सांगायला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला.

“तुम्ही?” घाई म्हणाली. “दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते त्याच्याशी. तुम्ही?” मग तिचा आवाज फाटला. “तीन आठवडे, मावशी. मी आईला फोन करून सांगितलंय. मी सगळ्यांना सांगितलंय.”

“मीही सांगितलंय,” ती म्हणाली.

सर बाटली उजेडात धरून बघत होते. “वहीत काय लिहिलंत?”

“ठीक, असं लिहिलं.”

“का?”

“लाज वाटली. उतू गेल्या हे लिहायची.”

“पण उतू जातात कशा? वाफ आधी सोडली का?”

“सोडली.”

“तुम्ही? आधी?” सरांचा यावर विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं, आणि इतक्या सगळ्यात तिला त्याचं कुठेतरी बरं वाटलं. “कोणी सांगितलं होतं का तसं?”

घाईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर तो मंगळवार उमटला, दार, एका पायावरून दुसऱ्या पायावर होणं. तोंड उघडलं तिने.

“झडपेवर हात माझा होता,” काटामावशी म्हणाली. “दुसऱ्या कोणाचा नव्हता.”

घाईचं तोंड मिटलं.

सर उठले. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रागावले की ते काम सांगत. साधे जंतू घ्यायचे, अगदी थोडे. निम्मे ताज्या ब्रॉथमध्ये, निम्मे या बाटलीतल्या पाण्याची तशीच भर घातलेल्या ब्रॉथमध्ये. दीड तास थांबायचं आणि बघायचं. साधे जंतूसुद्धा उजळले तर प्रश्नच मिटला. घाईने हातमोजे चढवले. काटामावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. समोरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, पाठवला का निबंध? ती म्हणाली, नाही. चौथ्या माणसापर्यंत तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता. मुलीला संध्याकाळी काय सांगायचं ते तिने ठरवून टाकलं: जसं आहे तसं, आणि दुकानात मालकाला सांगायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. पोर सांगेल. आईचं पाणी चुकलं आणि आईनेच सांगितलं, असं उजवा कान पुढे करून सांगेल.

डार्क रूममध्ये तिघं शिरली आणि सरांनी दिवा मालवला. सुरुवातीला अंधार नुसता डोळ्यांवर दाबल्यासारखा. कोणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक. घाईचा श्वास, जरा दाटलेला. मग डाव्या हाताचा, ताज्या ब्रॉथचा फ्लास्क कुठे आहे ते कळलंच नाही, आणि उजव्या हाताचा हळूहळू दिसायला लागला. निळं, पातळ, थरथरतं. साधेच जंतू. मूठभरसुद्धा नव्हते. त्यांच्या आधी कोणी दुसरे त्या पाण्यात दाटीने राहून गेले होते, आपलं काही सोडून गेले होते, स्वतः कधीच गाळून टाकले गेले होते. आणि या थोड्यांना त्या गेलेल्यांच्या भरवशावर वाटत होतं की आपण पुष्कळ आहोत. तिला वाटलं होतं की हे बघताना मान खाली जाईल. मान खाली गेली नाही. तिने डोळे भरून ते पाहिलं. चूक तिची होती, तिने तिचं नाव गमावलं होतं, आणि समोर जे दिसत होतं ते तरीही खरं होतं, काडीइतकंही इकडेतिकडे न झालेलं. माणसं देवळात ज्याच्यासाठी जातात त्याच्याहून ते तिला फार लांबचं वाटलं नाही.

“म्हणजे माझे नवे जंतू साधेच निघाले,” घाई म्हणाली. आवाजात रडणं होतं, पण ते संपत आलं होतं.

“निघाले असं नाही,” सर म्हणाले. “कसे आहेत ते आपल्याला माहीत नाही, एवढंच आज कळलं. पुन्हा करायचं, पहिल्यापासून.” दिव्याच्या बटणापाशी त्यांचा हात चाचपडल्याचा आवाज आला, पण दिवा लागला नाही. “ब्रॉथ बाहेरून तयार मागवता येतो हल्ली. सीलबंद येतो. तुझं काम आहे, तू सांग. कोणी करायचा?”

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो अंधारात विचारला गेला याबद्दल तिला सरांचे आभार मानावेसे वाटले. म्हणण्यासारखं तिच्याजवळ जे होतं ते तिने मघाशीच सरांच्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. उजव्या फ्लास्कच्या उजेडात घाईची बोटं दिसत होती, टेबलाची कड घट्ट धरलेली.

“मावशींनीच,” घाई शेवटी म्हणाली. “पण या वेळी मी खाली येऊन उभी राहणार. पावडर मोजण्यापासून वाफ उतरेपर्यंत. आठही बाटल्या मी स्वतः हातात घेऊन बघणार, आधी आणि नंतर. तुम्ही नाही म्हणायचं नाही.”

अख्ख्या संस्थेत आजवर कोणी तिच्या खोलीत राखणीला उभं राहिलं नव्हतं. हे बोलणं तिला लागायला हवं होतं. तिने लागतंय का ते पाहिलं, जसं काट्यावर वजन ठेवून पाहतात, आणि काटा कुठे हलला नाही. उलट तिची पाठ सरळ झाली.

“ये,” ती म्हणाली. “पण हात धुऊन ये.”